नववीच्या चार पोरांना शिक्षक व्हायचंय, त्यांना काय सांगू?

फळा_पुसणारा (नागपूर)
नमस्कार मंडळी, जरा लांब लिहून राहिलो, सांभाळून घ्या.

मानेवाड्याकडच्या एका अनुदानित मराठी शाळेत मी गणित शिकवतो, पाचवी ते दहावी, १७ वर्षं झाली. मागच्या आठवड्यात नववीचा ऑफ तास माझ्याकडे आला, पोरं गोंधळ करून राहिली होती म्हणून म्हटलं चिठ्ठीवर लिहा पुढे काय व्हायचंय, नाव टाका, घडी करा, द्या. ४६ पोरं. पोलीस भरतीवाले सगळ्यात जास्त, मग आर्मी, नर्सिंग, इंजिनीअर, दोन यूट्यूबर, एकानं सरळ 'बाबांचा पानठेला' लिहिलं. आणि चार चिठ्ठ्यांवर शिक्षक. तीन मुली, एक मुलगा.

आता गंमत अशी की नर्सिंगवालीला मी पाच मिनिटं सांगितलं, अकरावीला बायो लागेल, अमुक लागेल, तमुक लागेल. या चौघांना काय सांगितलं तर 'वा, छान'. आणि पुढची चिठ्ठी उघडली. घरी जाताना गाडीवर तेच डोक्यात. माझ्याच धंद्याबद्दल माझ्याकडे सांगायला काही नाही?

स्टाफरूममध्ये हे बोललो तं सगळे हसले. एक मॅडम म्हणाल्या त्यांच्या आईवडिलांना फोन लावा आधी. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. १ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आल्यापासून आमच्याकडे वातावरणच वेगळं आहे, रिटायरमेंटला पाच वर्षांपेक्षा जास्त उरलीत त्या पहिली ते आठवीवाल्यांना दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास व्हायचीय. ४८ वर्षांचे आमचे सर उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यात टीईटीचं गाईड लपवून वाचत होते, २३ नोव्हेंबरला पेपर देऊन आले, आता उत्तरसूची जुळवत बसलेत. मला ते लागू आहे की नाही यावर मुख्याध्यापक आणि क्लार्क यांचं अजून एकमत नाही.

तर प्रश्न दोन. एक, नववी-दहावीतल्या पोराला शिक्षक व्हायचं असेल तर आत्तापासून काय करून घेता येईल, नुसते कोर्स नकोत, ते कुठंही मिळतात. दुसरा जास्त अडचणीचा आहे, मी हो म्हटलं तर फसवतो आहे का त्यांना?

डीएड_२००९
सर हात जोडून सांगतो, फसवू नका.

माझी गोष्ट सांगतो. २००७ ला बारावी, ८१ टक्के. तेव्हा गावात डीएडला नंबर लागला म्हणजे पेढे वाटायचे, इंजिनीअरिंग सोडून पोरं डीएडला यायची. २००९ ला पास झालो. २०१० च्या शिक्षक भरतीच्या सीईटीत थोडक्यात राहिलो, म्हटलं पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष आलंच नाही. शाळांतली पोरं मोजायची पटपडताळणी झाली, २०१२ च्या मे मध्ये भरती बंद, २०१३ ला टीईटी आली ती पास झालो, पण भरतीच नाही तं सर्टिफिकेट घेऊन करता काय. एका कॉन्व्हेंटमध्ये ४,५०० वर चार वर्षं काढली, सही जास्तीच्या आकड्यावर करायची. मग कुरिअरच्या ऑफिसात. २०१७ ची टेट, म्हणजे भरतीची अभियोग्यता चाचणी, हुकली, २०२३ ची दिली आणि २०२४ ला जिल्हा परिषदेत लागलो. पास झाल्यापासून १५ वर्षं. आता शिक्षण सेवक, महिना १६,००० मानधन, तीन वर्षं हेच. ते आधी ६,००० होतं, २०२३ ला वाढलं, म्हणजे मी नशीबवानच म्हणायचा.

दर डिसेंबरला नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन आलं की यशवंत स्टेडियमजवळ थंडीत धरण्यावर कोण बसलेलं असतं ते एकदा त्या चार पोरांना नेऊन दाखवा. सगळं कळेल.

तर्रीपोहे
तो पानठेलावाला सगळ्यात शहाणा निघते का नाही बघा 😄

खडू_डस्टर_बाई
सर, मी बीएड कॉलेजात शिकवते, दरवर्षी पहिल्या दिवशी विचारते इथं का आलात, आणि अर्ध्याहून जास्त पोरं म्हणतात मॅडम दुसरं काही जमलं नाही म्हणून. त्यामुळे तुमच्या चार चिठ्ठ्या वाचून बरं वाटलं.

कोर्स नकोत म्हणालात तरी थोडं सांगते कारण नववीच्या पालकाला अजून २००७ चाच हिशोब माहीत असतो. पहिली ते पाचवी शिकवायचं असेल तर बारावीनंतर दोन वर्षांचं डीएलएड, म्हणजे आपलं जुनं डीएड. आधी बीएडवालेही तिकडे जायला पाहायचे, ऑगस्ट २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं ते बंद केलं, प्राथमिकला बीएड चालत नाही. त्यामुळे ज्या पोरीला लहान मुलंच आवडतात तिला कोणी 'अगं डायरेक्ट बीएड कर, मोठी डिग्री आहे' म्हणालं तर तो चुकीचा सल्ला. डीएलएडला आपल्याकडे खुल्या वर्गाला बारावीत ४९.५ आणि राखीवला ४४.५ टक्के लागतात, अवघड काही नाही. मोठ्या वर्गांसाठी ग्रॅज्युएशन करून बीएड, ते २०१५ पासून दोन वर्षांचं आहे, म्हणजे बारावीनंतर एकूण पाच.

तिसरा रस्ता नवा आहे, तो आपल्याकडे फार जणांना ठाऊक नाही. आयटेप. बारावीनंतर चार वर्षं, बीए बीएड किंवा बीएस्सी बीएड एकत्र, एक वर्ष वाचतं. २०२३-२४ ला देशात ५७ संस्थांत सुरू झालं. प्रवेश एनसीईटी परीक्षेतून, केंद्राची परीक्षा घेणारी संस्था एनटीए घेते, मराठीतूनही देता येते. आपल्याला जवळचं म्हणजे भोपाळचं आरआयई, म्हणजे प्रादेशिक शिक्षण संस्था, एनसीईआरटीचं आहे, महाराष्ट्र त्यांच्याच भागात येतो. नागपूरहून रात्री गाडीत बसलं की सकाळी भोपाळ. २०२० च्या शिक्षण धोरणात लिहिलंय की २०३० पर्यंत किमान पात्रता हीच चार वर्षांची करायची. प्रत्यक्षात किती होईल ते होईल, पण आज नववीत असलेलं पोर २०३० ला कॉलेजातच असणार, तेव्हा त्याच्या आईबापाला हे माहीत पाहिजे.

आणि एक. डिग्री झाली म्हणजे झालं असं नाही. पहिली ते आठवीला टीईटी, पहिलीला शिकवा नाही तर बारावीला, टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी लागतेच, २०० मार्क, दोन तास, मग पवित्र पोर्टल, म्हणजे राज्याची शिक्षक भरतीची वेबसाइट. टेट २०१७, २०२३ आणि २०२५ लाच झाली. दरवर्षी होते असं समजून कोणी घरी अभ्यास करत बसू नये. कोणी 'पैसे द्या, संस्थेत लावून देतो' म्हटलं तर दोन हात लांब राहा, २०२५ मध्ये नागपुरातलं बोगस शिक्षकांच्या पगाराच्या शालार्थ आयडीचं प्रकरण सगळ्यांनी पेपरात वाचलंच आहे.

डीएड_२००९
@खडू_डस्टर_बाई मॅडम सगळं बरोबर. पण तुम्ही रस्ता सांगून राहिल्या, रस्त्यावर गर्दी किती ते नाही सांगितलं.

मूळ_धरमपेठ
मी शाळा धरमपेठला केली, आता १२ वर्षं अमेरिकेत साउथ कॅरोलायनात. इथं हायस्कूलमध्येच 'टीचर कॅडेट' नावाचा विषय असतो, ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. अकरावी-बारावीची पोरं तो घेतात, मूल कसं वाढतं, कसं शिकतं हे थोडं वाचतात आणि मग जवळच्या प्राथमिक शाळेत जाऊन खऱ्या वर्गात बसतात, हाताखाली काम करतात. माझ्या मुलीनं घेतला होता. रोज येऊन एकाच पोराबद्दल बोलायची, ते पोर तिच्याशी तीन आठवडे एक शब्द बोललं नव्हतं. शेवटी ती शिक्षिका झाली नाही, फिजिओ झाली, पण ती म्हणते त्याचा उपयोग आत्ताच जास्त होतो. आपल्याकडे असं काही का नाही?

डीएड_२००९
कारण तिकडे शिक्षक मिळत नाहीत म्हणून शाळेतूनच पोरं धरून आणतात. आपल्याकडे धरायची गरज नाही, रांग लागली आहे.

काकू_मुख्याध्यापिका (निवृत्त)
भाऊ, रांग आहे हे मला तुझ्याइतकंच माहीत आहे, माझा स्वतःचा भाचा त्या रांगेत होता. पण रांगेत उभ्या असलेल्यांपैकी किती जणांना शिकवायचं होतं आणि किती जणांना नोकरी पाहिजे होती? तू १५ वर्षं थांबलास म्हणजे तुला शिकवायचंच होतं, नाहीतर कुरिअरमध्येच राहिला असतास. तुझा राग सिस्टिमवर आहे, शिकवण्यावर नाही, हे पोरांना वेगळं करून सांगता आलं पाहिजे.

सर, आता तुमच्याकडे येते. ३१ वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ मुख्याध्यापक म्हणून, काटोल रोडच्या बाजूला. तुम्ही विचारता काय करून घ्यावं, अहो आपल्याकडे होतं ना, स्वयंशासन दिन. ५ सप्टेंबर. दहावीच्या मुली आईच्या साड्या नेसून येतात, पिनांनी भरलेल्या, मुलं बाबांचा शर्ट इन करून, एक जण मुख्याध्यापक होतो आणि दिवसभर माझ्या खुर्चीवर बसून चहा पितो. फोटो निघतात. खालच्या वर्गात काय होतं? जास्तीत जास्त 'शांत बसा' आणि वर्गप्रमुखाची नावं लिहिणं. त्या दिवसाचं आपण नाटक करून ठेवलंय, मीही कितीतरी वर्षं तेच करत होते.

मग एका वर्षी वैतागून बदललं. साडी नाही, शर्ट नाही. ज्या पोरांना आवड आहे त्यांनाच घ्यायचं आणि महिनाभर घ्यायचं, एक दिवस नाही. मोठ्या पोराला वर्ग द्यायचाच नाही, एकच लहान पोर द्यायचं. एक दादा किंवा ताई, एक पाचवीतलं लेकरू, २० मिनिटं. वर्ग सांभाळणं ही वेगळी विद्या आहे, ती १४ वर्षांच्या पोराच्या गळ्यात घातली की ते ओरडायला लागतं आणि त्यालाच शिकवणं समजतं. सुरुवात वाचनानं करा. गावोगावी पोरांचं वाचन तपासणाऱ्या 'असर' सर्वेक्षणवाल्यांची वाचनाची साधी पट्टी असते, अक्षर, शब्द, छोटा परिच्छेद, गोष्ट, लेकरू कुठं अडतं ते दहा मिनिटांत कळतं. पोरांना फक्त एवढं शोधायला सांगा. लगेच शिकवू नका म्हणावं. नुसतं बघा आणि लिहा.

आणि वही. ही वही म्हणजे आपलं पाठ टाचण नाही बरं का, उद्दिष्ट-साहित्य-प्रस्तावना काही नको. फक्त रोज दोन ओळी, आज त्याला काय आलं नाही आणि मला काय वाटतं का आलं नाही. माझ्याकडे एका मुलीनं लिहिलं होतं 'आज तो झोपाळू होता कारण रात्री पाणी भरायला उठला होता'. तिला काही सांगावं लागलं नाही पुढे.

जमलं तर एकदा सेवाग्रामला न्या, आश्रमाच्या आवारात आनंद निकेतन शाळा आहे, नई तालीमवाली, म्हणजे गांधीजींची हातानं काम करत शिकायची पद्धत. १९३७ ला वर्ध्याच्या परिषदेत जे ठरलं ते आपल्या इथून ७०-८० किलोमीटरवर, आणि आपली पोरं सहलीला जातात वॉटर पार्कला. आधी फोन करून विचारून घ्या म्हणजे झालं, शाळा चालू असताना गेलात तरच अर्थ आहे.

हिंगणा_ची_आई
माझी पोरगी डीएलएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, आंतरवासितेला, म्हणजे शिकवायच्या सरावाला, झेडपी शाळेत जाते. घरी आली का पायच दुखते म्हणते, पण रविवारी बोर होते म्हणून राहिली. मले तर वाटते सर तुम्ही पोरांना सांगा का ही नोकरी नुसती शिकवायची नाही. पोषण आहाराचा हिशोब, ऑनलाइन माहिती, बीएलओ म्हणून मतदार यादीचं काम, आता जनगणना येऊन राहिली. पोरीच्या शाळेतल्या मॅडम अर्धा दिवस मोबाईलवर माहितीच भरत असते बिचाऱ्या. ते पण दाखवाच.

तर्रीपोहे
हाव, आणि पेन्शन? १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही, ते पण सांगा चिठ्ठीवाल्यांना. मस्करी नाही करत, माझा मोठा भाऊ शिक्षक आहे.

खडू_डस्टर_बाई
काकूंनी सांगितलं ते आम्ही बीएडला दोन वर्षांत करून घेऊ शकत नाही, खरंच. आमच्याकडे पोरं सूक्ष्मपाठ एकमेकांसमोर घेतात, म्हणजे २३ वर्षांची पोरं पाचवीचं लेकरू असल्याचं नाटक करतात आणि सगळी उत्तरं बरोबर देतात. आंतरवासितेला पहिल्यांदा खरं चुकीचं उत्तर आलं की घाबरतात. नववीतच कोणी चुकीचं उत्तर पाहिलं असेल तर सोन्याहून पिवळं.

सर, एक व्यावहारिक. मार्च २०२४ च्या जीआरपासून पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार, म्हणजे पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांचा शनिवार, आहे, तुमच्या पाचवीला त्यात वेळ निघेल. बाहेरच्या शाळेची परवानगी काढत बसू नका, पत्रव्यवहारातच वर्ष जाईल.

फळा_पुसणारा
सगळ्यांचे आभार. @डीएड_२००९ भाऊ तुमचं लिहिलेलं मी मुद्दाम त्या चौघांना वाचून दाखवलं, नाव नव्हतंच. एका मुलीनं विचारलं सर यांनी १५ वर्षं सोडलं कसं नाही. मला उत्तर देता आलं नाही, तुम्हीच द्या. काकूंचं करून पाहतो, शनिवारपासून.

डीएड_२००९
तिला सांगा दोनदा सोडलं होतं. दोन्ही वेळेस ट्यूशनची पोरं घरी येऊन बसली.

फळा_पुसणारा (जवळपास दोन महिन्यांनी)
मंडळी, काकूंचं करून पाहतो म्हटलं होतं, त्याचं सांगतो. मधे मनपा इलेक्शनची ड्युटी, स्नेहसंमेलन, त्यात दोन शनिवार गेले, एकूण पाचच शनिवार मिळाले. सकाळची शाळा, डिसेंबरची थंडी, पोरं स्वेटरच्या बाहीत हात घालून बसलेली, तरी आली. सेवाग्राम अजून राहिलंय.

वाचनाचं काकूंनी सांगितलं तसं दोन शनिवार केलं, मग माझ्या खोडीनं वजाबाकीवर आलो. चौघांना पाचवीतलं एकेक पोर दिलं.

पहिली मुलगी वर्गात कायम पहिली येते. तिनं पहिल्याच दिवशी लेकराच्या वहीत स्वतःच गणितं सोडवून दिली, सुंदर अक्षरात, आणि मला दाखवलं सर झालं. मी म्हटलं कोणाचं झालं? रागावली. पुढच्या शनिवारी पेन घरीच ठेवून आली, म्हणे हाताला सवय आहे. दुसरी मुलगी ठीक चालली आहे, तिचं लेकरू तिच्या घराजवळचंच निघालं, दोघं गप्पाच जास्त मारतात, मी सध्या काही बोलत नाही.

मुलगा तीन शनिवारांनंतर म्हणाला सर माझं डोकं फिरते, तेच तेच सांगून. मला नाही जमणार. मला आधी वाईट वाटलं, मग म्हटलं बरं झालं, डीएलएड करून कळण्यापेक्षा नववीत पाचवीच्या बाकावर कळलं. तो आता पोलीस भरतीवाल्यांत गेला आहे. त्याच्या जागी पानठेलावाला आला, विचारायला लागला सर मी बसू का. त्याला हिशोब तोंडपाठ, सुट्ट्या पैशांवरून वजाबाकी शिकवून राहिला, वीसची नोट, तेराची वस्तू, किती परत. तर्रीपोहे भाऊ, तुमचं अर्धं खरं झालं.

पण सांगायचं ते तिसऱ्या मुलीबद्दल. वर्गात मागे बसते, बोलत नाही, गणितात ४० पैकी १७-१८. तिच्याकडच्या लेकरानं ५२ वजा ३७ बरोबर २५ लिहिलं. आपण काय करतो, काट मारतो आणि हातचा घ्यायचा सांगतो. ती काहीच बोलली नाही, बाजूच्या तीन पोरांच्या वह्या मागून घेतल्या आणि चाळत बसली. मला वाटलं टाइमपास करून राहिली. मग माझ्याकडे आली, म्हणाली, "सर, ते चुकत नाहीयेत, ते सगळे एकसारखंच करून राहिले. वरचा असो का खालचा, मोठ्यातून लहान काढतात." सातातून दोन पाच, पाचातून तीन दोन. २५.

१७ वर्षं मी त्या २५ वर काट मारतो आहे. कधी कधी वर्गात मोठ्यानं वाचूनही दाखवतो, पोरं हसतात.

मी तिला विचारलं तुला कसं कळलं. म्हणे, "मी पण असंच करायची."

आता अडचण ऐका. तिची आई भेटायला आली होती, चार घरची कामं करते, तिला वाटलं शनिवारी पोरीला जास्त थांबवतात म्हणजे काहीतरी शिक्षा आहे. मी समजावलं. मग तिनं विचारलं सर, यात नोकरी लागते का. मी डीएड भाऊंचं सगळं सांगितलं, टीईटी, टेट, पवित्र, १६,००० तीन वर्षं, नंतर पुढे जिल्हा परिषदेत पक्की झाली तर मूळ वेतन २९,२०० पासून सुरू. ती ऐकत होती. म्हणाली, १६,००० मला दोन महिन्यांत मिळत नाहीत, आणि हिची मॅडम होईपर्यंत किती वर्षं? मी म्हटलं बारावीनंतर दोन, आणि मग भरती निघेल तेव्हा. 'निघेल तेव्हा' म्हणताना तिच्याकडे बघवलं नाही.

खडू मॅडम, तुम्हाला विचारायचं होतं, तिला गणित कच्चं आहे, तरी अकरावीला सायन्स घ्यायला लावू का सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञानासाठी, की आर्ट्स घेऊन डीएलएड? आर्ट्सला शिक्षणशास्त्र विषयही मिळतो काही कॉलेजांत. माझं मन आर्ट्सकडे आहे.

खडू_डस्टर_बाई
आर्ट्स. आणि तिची ती वही टाकू नका, झेरॉक्स काढून मला पाठवाल का? नाव झाकून. माझ्या वर्गाला ५२ वजा ३७ विचारायचं आहे.

डीएड_२००९
सर त्या माउलीला सांगा पोरीला टायपिंग किंवा काहीतरी सोबत शिकू द्या, मधल्या काळासाठी. मी ते केलं नव्हतं. आणि माझ्या तिसरीत पण आज ४३ वजा २८ बरोबर २५ आलं, चार वह्यांत. मी काट नाही मारली.